ठाण्यात डेलिया होतो, पण मे महिन्यात लावू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत घरच्या बागेतल्या डेलियावर लेख वाचला. फोटो सुरेख होते आणि लिहिणाऱ्याला फुलांची मनापासून आवड आहे हेही कळत होतं. पण त्यात ‘एप्रिल-मे महिन्यांत कंद लावा, जुलैपासून फुलं येतील आणि थंडी पडायच्या आत कंद काढून ठेवा’ असं छापलं आहे. आपला अंक ठाण्यापासून ऐरोली, वाशी, नेरुळपर्यंत वाचला जातो. यातल्या कुणी हे वाचून मे महिन्यात कंद मातीत घातला, तर जूनमध्ये पाऊस लागेल आणि जुलैत कुंडीतून फुलाऐवजी कुजका चिखल निघेल. मग तेच लोक म्हणतील, ‘आपल्याकडे डेलिया होत नाही.’ हे वाक्य मी लग्न होऊन नौपाड्यात आले तेव्हापासून ऐकते आहे आणि ते खरं नाही. ठाण्यात डेलिया होतो, चांगला होतो. तो कुठला घ्यायचा आणि कधी लावायचा हे मात्र इथला पाऊस आणि आपली बाल्कनी बघून ठरवावं लागतं. पत्र जरा लांबलं आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

लेखातलं वेळापत्रक खोटं नाही, ते युरोपातलं आहे. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ पठारांवरचा. 1963 पासून तो त्या देशाचं राष्ट्रीय फूल आहे. 1789 च्या सुमारास तो स्पेनमध्ये माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात पोचला आणि तिथून युरोपभर गेला. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते आणि गोठलेल्या मातीत कंद मरतो. म्हणून तिकडचे लोक कडाका सरला की कंद लावतात, उन्हाळाभर फुलं घेतात आणि पुन्हा गारठा आला की कंद उपटून घरात ठेवतात. आधी इंग्रजी पुस्तकांतून आणि आता व्हिडिओंतून तेच वेळापत्रक जसंच्या तसं आपल्याकडे येतं. आपल्या कंदाला थंडीची भीतीच नाही. त्याचा जीव जातो तो पावसात. ठाण्याला चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात कुठला कंद मातीत टिकणार?

नकाशा उघडून बघा. मेक्सिको सिटी आणि ठाणे जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही 19 अंशांच्या थोडं वर. म्हणजे दिवस किती तासांचा आणि रात्र किती तासांची, हे दोन्हीकडे सारखंच. फरक आहे तो उंचीचा. ते शहर समुद्रसपाटीपासून 2200 मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि आपण खाडीच्या काठावर. तेव्हा डेलियाला इथे उजेडाची वाण नाही, गार रात्रींची आहे. आणि गार रात्री आपल्याला मिळतात त्या डिसेंबर, जानेवारी आणि फारतर अर्धा फेब्रुवारी. त्या दिवसांत झाडावर कळ्या असल्या पाहिजेत. बाकीची सगळी कामं तिथून उलटी मोजत यायची.

माझं माहेर नाशिकचं. तिथे आईच्या अंगणात छातीपर्यंत वाढणारे डेलिये असायचे आणि त्यांना फारसं काही करावं लागत नसे, कारण नाशिकच्या रात्री त्यांच्या मनाजोगत्या. सासरी नौपाड्यात बैठं घर होतं, मागे थोडी जमीन होती. तिथेही जमिनीत लावले आणि फुलले, पण नाशिकइतके उंच कधीच झाले नाहीत. पुढे घर पुनर्विकासाला गेलं आणि आता आम्ही मानपाड्याला टॉवरमध्ये राहतो. जमीन गेली, राहिली ती दक्षिणेची बाल्कनी. आज ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या बहुतेकांची बाग एवढीच असते, म्हणून कुंडीतल्या डेलियाबद्दलच लिहिते.

वाण निवडताना लोक पहिली भूल खातात ती फुलाच्या आकाराला. जानेवारीत घोडबंदर रोडच्या कुठल्याही नर्सरीत जा. पुढच्या रांगेत काळ्या पिशवीत एकेक रोप, बांबूच्या काडीला बांधलेलं, आणि वर एकच भलंमोठं फूल. नर्सरीवाला म्हणतो, ‘मावशी, हा न्या, थाळीएवढं फूल आहे.’ फूल खरोखर थाळीएवढं असतं. डेलियातल्या सगळ्यांत मोठ्या गटाची फुलं 25 सेंटिमीटरच्या वर जातात. पण ते फूल मिळवायला त्या रोपाची सगळी बगलेतली फूट लहानपणीच खुडलेली असते आणि सगळं बळ एका शेंड्यात गेलेलं असतं. घरी आणल्यावर आठवडा-दहा दिवसांत फूल उतरतं. खालून नवी फूट यायला लागते तोवर फेब्रुवारी सरत आलेला असतो, आणि मार्चच्या उन्हात येणारी कळी अर्धीच उघडते. घेणाऱ्याला वाटतं आपल्या हाताला गुण नाही. तसं काही नाही. त्यांनी झाड विकत घेतलं तेव्हाच त्याचा हंगाम संपत आला होता.

बाल्कनीसाठी मी ठामपणे सांगेन, लहान फुलांचे डेलिये घ्या. पॉमपॉन आणि बॉल हे दोन प्रकार माझ्या मते कोकणपट्टीला सर्वांत सोयीचे. पॉमपॉनचं फूल 5 सेंटिमीटरच्या आतबाहेर, अगदी गोल, आणि एकेक पाकळी आतल्या बाजूला वळून नळीसारखी झालेली. ही पाकळी उन्हाने लवकर सुकत नाही, अवकाळी सर आली तरी फूल पाण्याने जड होऊन मान टाकत नाही, आणि एका झाडावर एका वेळी पुष्कळ फुलं असतात. बॉल त्याहून थोडा मोठा, पण गुण तेच. ज्यांना मधमाश्या आणि फुलपाखरं यायला हवी असतील त्यांनी एकेरी पाकळ्यांचे सिंगल किंवा कॉलरेट घ्यावेत. त्यांचा पिवळा मधला भाग उघडा असतो, माश्यांना पराग सहज मिळतो. मोठ्या डेकोरेटिव्ह आणि कॅक्टस प्रकारांच्या वाटेला ज्यांच्याकडे गच्ची आहे, आडोसा आहे आणि रोज बघायला वेळ आहे त्यांनी जावं. त्यांना बारा-चौदा इंची कुंडी लागते, काठी लागते, आणि चार फूट झाडाचं पोकळ खोड वरच्या मजल्यावरच्या वाऱ्यात पेऱ्यापाशी मोडतं. येऊरच्या डोंगराकडून रात्री वारा सुटतो तेव्हा आमच्या मजल्यावर काय होतं ते मी बघते. दोन फुटांच्या आतलं झाड तिथे सुखाने उभं असतं.

बियांपासून करायचे असतील तर बुटके वाण मिळतात. फिगारो हे नाव आपल्या बाजारात सहज सापडतं. सप्टेंबरच्या शेवटी ट्रेमध्ये बी टाकलं की नाताळच्या सुमारास आठ इंची कुंडीत फूल येतं, फूट-दीड फुटाच्या वर झाड जात नाही, आणि त्यालाही खाली कंद धरतात. मात्र पाकिटावरचा रंग येईलच असं धरून चालू नका. डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्यासारखे दोन नव्हेत, त्यामुळे बियांतून दर वेळी वेगळंच काहीतरी येतं. मला ते आवडतं. पण तोच रंग पुन्हा हवा असेल तर कंद किंवा काडी, म्हणजे कापून लावलेला कोंब, तिसरा मार्ग नाही. आणि निळ्या डेलियाचे फोटो दाखवून कुणी कंद किंवा बी विकत असेल तर पैसे देऊ नका. डेलियात निळा रंग होत नाही, फोटोत तो भरलेला असतो.

ऑनलाइन कंदांबद्दल आणखी एक सांगायचं आहे, कारण यात लोकांचे पैसे बुडतात. नेरुळला माझ्या जाऊबाई सिडकोच्या रो हाउसमध्ये राहतात, वर गच्ची आहे. त्यांनी एका विक्रेत्याकडून कंद मागवले. खोक्यात छान जाडजूड कंद आले, पण एकाही कंदाला मान नव्हती. डेलियाच्या कंदाला बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. डोळे असतात ते जुन्या खोडाच्या बुडाशी, कंदांच्या माना जिथे एकत्र येतात त्या गड्ड्यावर. त्या गड्ड्याचा तुकडा कंदाबरोबर नसेल तर कंद कितीही टणक असू दे, महिनोनमहिने मातीत तसाच पडून राहील आणि शेवटी सडेल. जाऊबाईंच्या कंदांचं तेच झालं. तेव्हा कंद हातात आला की आधी त्याची मान बघा. ती शाबूत हवी आणि तिच्या टोकाला खोडाचा तुकडा हवा. सप्टेंबरात त्या तुकड्यावर मोहरीएवढा गुलाबट फुगवटा दिसतो, तोच डोळा. तो दिसेपर्यंत मी गड्डा फोडतच नाही. डोळे दिसले की कुठे सुरी लावायची हे आपोआप कळतं.

आता कामाचा क्रम. आपल्याकडे तो सणांच्या हिशेबाने लक्षात राहतो. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, त्या वर्षी पंचांगापेक्षा आभाळाकडे बघावं. गणपती झाले की कोरड्यात ठेवलेला गड्डा ओलसर कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर, अर्धा उघडा ठेवायचा, पावसाची झड लागणार नाही पण उजेड येईल अशा जागी. पितृपक्षात कोंब तीन-चार इंचांचे होतात. त्यांतले एकदोन ठेवून बाकीच्यांच्या काड्या करायच्या. पुष्कळजण कंदच लावतात, त्यात गैर काही नाही, पण आपल्या दमट हवेत काडीचं रोप जास्त निरोगी निघतं आणि एका गड्ड्यातून शेजाऱ्यांनाही देता येतं. कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच, पेऱ्याच्या लगेच खाली, धारदार पात्याने कापायचा. जून झालेला कोंब आतून पोकळ असतो, त्याला मुळं धरत नाहीत, म्हणून कापल्यावर टोक बघावं. भरीव आणि हिरवट असेल तर ठीक. खालची पानांची जोडी काढून धुतलेल्या जाड वाळूत खोचायची. पातं प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायचं. ज्या झाडाच्या पानांत शिरांच्या कडेने पिवळी नक्षी दिसते आणि झाड खुरटं राहतं, त्याला विषाणू लागलेला असतो. त्याच्या काड्या घेऊ नयेत, कंदही ठेवू नये, सरळ टाकून द्यावं.

दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. दसरा ते कोजागिरी या दिवसांत पाऊस परतलेला असतो, तेव्हा रोप मोठ्या कुंडीत जायला हवं. ज्यांच्याकडे जुना कंद नाही त्यांनीही नर्सरीत जायचं ते याच दिवसांत, जानेवारीत नव्हे. तेव्हा रोपावर फूल नसतं, म्हणून कुणी बघत नाही. मी तेच मुद्दाम बघते. पेरी जवळजवळ हवीत, पानं गर्द, खोड सरळ आणि पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर आलेली नकोत. नर्सरीवाल्याला प्रकार आणि उंची विचारायची. पुष्कळदा उत्तर येतं, ‘रंग सांगतो ताई, बाकी माहीत नाही.’ माल उरुळी कांचनकडून आलेला असतो, कधी बंगालमधून, आणि वाटेत नावाच्या चिठ्ठ्या गळून पडतात. नावं नसली तरी चालेल. पण ‘लहान फूल, दीड फूट’ किंवा ‘मोठं फूल, चार फूट’ एवढं पिशवीवर मार्करने लिहायला काय हरकत आहे? मी हे ज्यांना ज्यांना सुचवलं त्यांतल्या एका काकांनी लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडे मी दरवर्षी जाते.

माती मी हलकी ठेवते. घोडबंदरच्या गोण्यांतली लाल माती एकटी वापरली तर पाणी घातल्यावर चिकटून बसते, आणि नव्या इमारतींच्या आवारातली माती म्हणजे निम्मं डेब्रिज. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. बांधकामाची क्रश सँड घेतली तर चाळून, धुऊन घ्यावी, तिच्यातली भुकटी मातीचं सिमेंट करते. कुंडी शक्यतो मातीची किंवा फिकट रंगाची. काळं प्लास्टिक उन्हात इतकं तापतं की मुळं भाजतात, आणि गार रात्रींवर जगणाऱ्या झाडाला तेच सोसत नाही. कुंडीवर वाळक्या पानांचं आच्छादन घातलं की माती थंड राहते.

कुंडी ठेवायची कुठे, हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि याबद्दल कुठेच काही छापून येत नाही. डेलियाला पाच-सहा तास ऊन हवं. लोक आपल्या बाल्कनीचं ऊन मे महिन्यात बघतात आणि ठरवतात. मेच्या मध्यावर ठाण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत वरच्या स्लॅबची सावली पडते आणि वाटतं इथे ऊनच येत नाही. तीच बाल्कनी डिसेंबरात बघा. तेव्हा भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर, आणि ऊन ग्रिलमधून थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. डेलियाचा हंगाम नेमका तोच. म्हणून दक्षिणेची बाल्कनी असेल तर मनात शंका न ठेवता लावा. पूर्वेची चालेल. पश्चिमेच्या बाल्कनीत फेब्रुवारीनंतर झाड थकतं. उत्तरेची असेल तर डेलियाचा हट्ट सोडून दुसरं काही लावावं, उगीच कंद वाया घालवू नये.

दिवाळीच्या आसपास रोपाला चार जोड्या पानं झाली की शेंडा खुडायचा. वाढत्या रोपाचा शेंडा खुडायला बहुतेकांचा हात धजत नाही. पण त्यानेच बगलेतून चार-सहा फांद्या फुटतात आणि फुलं येतात ती त्या फांद्यांवर. न खुडलेलं झाड एक दांडा होऊन वर जातं आणि एक फूल देऊन थांबतं. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या येतात. मोठ्या प्रकारांत मधली ठेवून बाजूच्या दोन काढाव्या लागतात, पॉमपॉनला काही करू नये.

उतरलेली फुलं मात्र लगेच खुडायची, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि नवीन कळ्या थांबतात. इथे एक गोष्ट अनेकजण विचारतात. पाकळ्या गळून गेलेलं फूल आणि न उमललेली कळी लांबून एकसारखीच हिरवी दिसते, आणि लोक चुकून कळ्याच खुडून टाकतात. बोटांत धरून बघावं. कळी गोल, बसकी आणि टणक असते. संपलेलं फूल टोकदार, शंकूसारखं असतं आणि दाबलं तर मऊ, ओलसर लागतं. एकदा दोन्ही शेजारी धरून पाहिलं की पुन्हा विचारावं लागत नाही.

खताचं थोडक्यात. सुरुवातीला एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारखं असलेलं खत, लिटरला एक ग्रॅम, आठवड्याने. कळी दिसली की ते बंद करून शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे नुसतं पालाशाचं. नत्र जास्त झालं की पानं भरघोस आणि फुलं थोडी, शिवाय त्या झाडाचे कंद पावसाळ्यात आधी सडतात. शेंगदाण्याची पेंड भिजवून देणं उत्तमच, पण तिचा वास टॉवरमध्ये शेजाऱ्यांना होतो, त्याऐवजी गांडूळखत पुरतं.

पाण्याकडे लक्ष द्या. कुंडीला रोज पाणी लागतं, पण ते कुठलं हे बघा. टँकर किंवा बोअरवेलचं क्षारांचं पाणी मिळालं की पानांच्या कडा करपतात. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालण्याची पद्धत पडली आहे, हेतू चांगला आहे, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते लादी पुसायला वापरा, डेलियाला नको.

किडींत मावा, फुलकिडे आणि फेब्रुवारीत कोरडी हवा आली की पानाखाली लाल कोळी. सकाळी पानांच्या खालच्या अंगाला पाण्याचा फवारा आणि आठवड्याला निंबोळी तेल, एवढ्यावर माझं भागतं. भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी, दिसली तर खालची दाट पानं काढून हवा खेळती करावी.

फुलदाणीसाठी फूल पूर्ण उमललं की मगच कापा. गुलाबाची अर्धी कळी घरात उमलते, डेलियाची उमलत नाही, कापली त्या स्थितीतच राहते. सकाळी लवकर कापावं, फुलाच्या मागच्या पाकळ्या ताठ आहेत ना बघावं, मग चार-पाच दिवस टिकतं. हळदीकुंकवाला मी तबकात पाण्यावर पॉमपॉन सोडते. संक्रांत आणि डेलिया यांची गाठ आपल्याकडे नेमकी पडते, बायका दारातच विचारतात, हे कुठून आणलं?

आता ज्यामुळे हे पत्र घाईने लिहायला घेतलं ते. सध्या एप्रिल चालू आहे. ज्यांच्या कुंडीत यंदा डेलिया फुलून गेला, त्यांचं झाड आता पिवळं पडलं असेल आणि ‘मेलं’ म्हणून ते कचऱ्यात जायच्या बेतात असेल. मेहेरबानी करून टाकू नका. झाड झोपलं आहे, कंद जिवंत आहेत. पाणी हळूहळू तोडा. पानं पूर्ण वाळली की खोड बुडापासून चार बोटं ठेवून कापा. हे खोड आतून नळीसारखं पोकळ असतं. त्या नळीत पाणी गेलं की ते थेट गड्ड्यावर उतरतं आणि जिथे डोळे आहेत तिथेच कुज धरते. म्हणून कापलेल्या तोंडावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा दाबून बसवायचा. स्वयंपाकघरातली फॉइल चालते.

कुंडीतच ठेवायचे असतील तर अख्खी कुंडी जिन्याखाली किंवा घरात, पावसाची झड कधीही पोचणार नाही अशा जागी आडवी करून ठेवा. आडवी अशासाठी, की कुणी प्रेमाने पाणी घालू नये. जमिनीत असतील तर मेच्या आत खणून काढा, माती झटका, सावलीत दोन दिवस सुकवा, माना मोडू न देता कोरड्या कोकोपीटमध्ये किंवा लाकडाच्या भुश्यात, खोक्याला भोकं पाडून ठेवा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत मुळीच नको. आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. मे महिन्याच्या उन्हाळ्यात कंद आक्रसतात आणि जुलैच्या दमट हवेत त्यांवर बुरशी चढते. म्हणून महिन्यातून एकदा खोकं उघडून प्रत्येक कंद दाबून बघावा. सुरकुतला असेल तर कोकोपीटवर नुसता ओला हात फिरवावा. मऊ झाला असेल तर तेवढाच कापून टाकावा आणि कापलेल्या जागी गंधकाची भुकटी लावावी. एक मऊ कंद तसाच राहिला तर शेजारचे सगळे घेऊन जातो.

प्रदर्शनं भरवणाऱ्यांना एक विनंती आहे. ठाण्यात महापालिकेचं वृक्षवल्ली प्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेत भरतं, पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरतं. ज्यांना डेलियाचे प्रकार एका जागी बघून निवडायचे आहेत त्यांनी तिथे जरूर जावं, वही घेऊन जावं. पण कुठल्याही फुलांच्या प्रदर्शनात गर्दी असते ती थाळीएवढ्या फुलापुढे, आणि बघणारा घरी जाताना तेच मनात घेऊन जातो. दहा इंची कुंडीत, बाल्कनीत वाढवलेल्या लहान फुलांच्या डेलियासाठी एक वेगळा गट ठेवला तर टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाला आपल्या घरी काय जमेल ते डोळ्यांनी दिसेल. रोपाशेजारी मजला आणि बाल्कनीची दिशा लिहिलेली पाटी असावी. मी स्वतः कुंडी घेऊन येईन.

आणि आपल्याला विनंती अशी, की मे उजाडायच्या आत पुरवणीत ठळक दुरुस्ती छापावी: कोकणपट्टीत डेलियाचे कंद आत्ता लावू नयेत, कोरडे ठेवावेत, गणपतीनंतर जागे करावेत आणि दसऱ्याच्या सुमारास कुंडीत लावावेत. लेखाचं कात्रण काढून ठेवलेल्या दोघीजणी आमच्याच मजल्यावर आहेत. त्यांना मी सांगितलं आहे. बाकीच्यांपर्यंत आपणच पोचू शकता.

आपली,
एक नियमित वाचक,
मानपाडा, ठाणे (पश्चिम)